सगळ्यांचं वजन बारा किलो

७ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. सहा महिने कोरे. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

आता घडतंय. विट्यातल्या माझ्या बालरुग्णालयात पाणी कुठंतरी मुरतंय. कोण, कधी, कसं, हे टिपून ठेवल्याशिवाय सापडायचं नाही. ही डायरी कुणीही वाचायची नाही. राजनंदिनीनंही नाही. ती माझी बायको आहे, पण सध्या तिचंही नाव संशयितांत आहे.

माझी तब्येत: ठणठणीत. वय एकावन्न. झोप चार तास, पुरते. चोवीस वर्षं लेकरं तपासतोय, एकाचाही डोस चुकलेला नाही. लहान पोराचं औषध वजनावर ठरतं, म्हणून वजन मी स्वतः केबिनमध्ये घेतो आणि डोस स्वतः लिहितो. नोकरमाणसांवर विसंबत नाही. ज्या दिवशी माझ्या हातून डोस चुकेल त्या दिवशी दारावरची पाटी मीच उतरवीन, असं सगळ्या स्टाफसमोर सांगून ठेवलंय.

संकल्प: उद्यापासून पहाटे फिरायला. चहा दोनच. कुणावर ओरडायचं नाही. डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची.

८ जुलै, मंगळवार. दुपारी ३.३०

फिरायला गेलो नाही. मुद्दाम. सकाळी गेटवर कोण कधी येतं ते खिडकीतून बघायचं होतं. बघता बघता डोळा लागला, त्यामुळं कोण आलं ते कळलं नाही. चहा सात. त्यातले दोनच मी मागितले, बाकीचे समोर आले.

पेशंट चौऱ्याहत्तर.

पहिला पुरावा. काउंटरवर सोनिया सिस्टरकडं एक हिरवी वही आहे. माझ्या केबिनमधून पेशंट बाहेर गेला की ती त्याचा केसपेपर बघते, वहीत काहीतरी टिपते, आणि मी दिसलो की वही ड्रॉवरमध्ये. विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, काय न्हाई ओ सर, घरच्या सामानाची यादी. यादी दिवसातून चौऱ्याहत्तर वेळा?

सोनिया अकरा वर्षं माझ्याकडं आहे. आटपाडीकडची. तिचे वडील बिरदेव अजून मेंढरं राखतात. पोरगी स्वभावानं गरीब. असलीच माणसं आधी फितूर होतात.

आता दुसरी बाजू. मार्चमध्ये बरोबर समोर डॉ. शंभूराजनं लहान मुलांचं हॉस्पिटल काढलंय. भिंतीवर हत्ती, जिराफ, माकडं. हा पोरगा एकेकाळी सहा महिने माझ्या हाताखाली होता. रोज रस्त्यापलीकडून वाकून नमस्कार करतो. न चुकता. एवढा नमस्कार कशासाठी?

निष्कर्ष: वहीत माझ्या पेशंटची नावं. वही जाते समोर.

१० जुलै, गुरुवार

सोनिया पोरं उचलते. हे मी आधी कसं बघितलं नाही? केबिनमधून बाहेर पडलेलं प्रत्येक पोर ती हातावर घेते, जरा वरखाली करते, क्षणभर थांबते, आणि मगच औषध हातात देते. शिवाय काउंटरमागं झोळीचा काटा टांगलाय, अंगणवाडीत असतो तसला. आमच्याकडं काटा एकच, माझ्या केबिनमधला. हा दुसरा कुठनं आला? नानासो म्हणाला, जुना हाय सायेब, पडून हुता. नानासो आमचा कंपाउंडर, बासष्ट वर्षांचा, माझ्या आधीपासून विट्यात. पडून होता तर टांगला कशाला?

मग त्याला खोदून विचारलं, सिस्टर पोरं का उचलते? म्हणाला, मेंढरावाल्याची लेक हाय सायेब. कोकरू हातात घेतलं की किती भरंल ते सांगती. तिच्या बापाला बाजारात काटा लागत न्हाई. मी म्हटलं, हे हॉस्पिटल आहे, बाजार नव्हे. व्हय सायेब म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघत राहिला, जणू मलाच काहीतरी झालंय.

निष्कर्ष: पोरांना लळा लावणं चाललंय. उद्या ही समोर गेली की पोरं मागोमाग.

बेड नंबर तीनच्या आईनं पाचव्यांदा विचारलं, ताप कवा उतरंल? मी ओरडलो नाही. आवाज स्पष्ट केला. ती रडली, पण तो तिचा स्वभाव.

११ जुलै, शुक्रवार. दुपारी ४

डॉक्टरांच्या संघटनेकडून फोनवर प्रश्नावली आलीय. लहान मुलांच्या डॉक्टरांमधला बर्नआउट. बावीस प्रश्न. नाव गुप्त राहील म्हणे. गुप्त राहणार होतं तर माझ्याच नंबरवर कशी आली? तरी भरली. लपवण्यासारखं आपल्याकडं काही नाही.

सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं का? उठायला आधी झोपावं लागतं. लागू नाही.

पेशंट माणूस न वाटता नुसती केस वाटते का? कधीच नाही. (हे लिहितानाच सोनिया आली, सर, राजवीरचं सलाईन चालू ठेवू का? कोण राजवीर? तीन नंबर, सर. मग तीन नंबर म्हण की.)

बारीकसारीक कारणावरून चिडचिड होते का? हा एकच प्रश्न शब्द फिरवून तीनदा विचारलाय. फोन आपटला. काच थोडी गेली.

गेल्या वर्षभरात मनाला लागलेला मृत्यू? नाही. फेब्रुवारीतली केस इथं गेली नाही. सांगलीला नेताना वाटेत गेली, तासगावच्या अलीकडं. माझ्या रजिस्टरला ती 'पुढे पाठवली' अशी आहे. लागू नाही.

निकाल तांबडा आला. लगेच मदत घ्या म्हणे. साहजिक आहे, असल्या प्रश्नावल्या झोपेच्या गोळ्या विकणारेच काढत असणार. उत्तरं जरा बदलून पुन्हा भरली. पिवळा. तिसऱ्यांदा भरली. हिरवा. म्हणजे मी हिरवा आहे.

१३ जुलै, रविवार. दुपारी १

आज पूर्ण विश्रांतीचा संकल्प होता. दहा वाजता हॉस्पिटलमध्ये गेलो, पण फक्त कुलपं बघायला. अकरा पेशंट तपासून परत.

परत आलो तर राजनंदिनी गच्चीवर फोनवर. मी जिन्यात थांबलो. ती विचारत होती, काल किती? जरा थांबली. सोळा? अगं बाई. मग म्हणाली, तू आहेस म्हणून बरं बाई.

मी वर गेलो तसा फोन बंद. विचारलं, कसले सोळा? म्हणाली, कॉलेजात गैरहजर मुलं. ती ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. मी म्हटलं, रविवारी कसली हजेरी? कालची अहो, शनिवारची. उत्तर तयारच होतं. उत्तर एवढं तयार असलं की समजायचं.

तिच्या फोनवर शेवटचं नाव बघितलं. सोनिया.

घरचा भेदी. लिहितानाही बरं वाटत नाही. तेवीस वर्षांचा संसार आहे.

१५ जुलै, मंगळवार

रंगेहाथ पकडलं. साठ पेशंट झाल्यावर नानासो गेटवर जाऊन उभा राहतो आणि उरलेल्यांना हात करून समोर पाठवतो. समोर! हत्तीकडं! कुंपणच शेत खातंय.

झापला त्याला. तो मान खाली घालून म्हणाला, सायेब, शंभराला माणूस टेकलंय. तुमी सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. परवा तुमी एका पोराला दोनदा तपासलं आन् त्याच्या भावाला तपासलंच न्हाई. खोटं. दोघं सारखेच दिसत होते.

मी स्वतः रस्त्यावर जाऊन माझे पेशंट परत बोलावले. दोघीजणी आल्या, एकीला सांधेदुखी होती. शंभूराज त्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि नमस्कार केला.

एकूण त्र्याऐंशी. कुणाला म्हणायचं थकला?

१७ जुलै, गुरुवार. सायंकाळी ६

आज सापळा लावला. केबिनचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसलो. डोळे मिटले की कान तीक्ष्ण होतात.

काय ऐकलं ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर एक म्हातारी नातवाला घेऊन उभी, माझा खांदा हलवत होती. डाक्टर, उठा की, पोराला तपासायचं न्हवं? रंगूबाई नाव. मी तपासलं, वजन घेतलं, लिहिलं. बाहेर जाऊन ती मोठ्यानं सोनियाला विचारती झाली, तुमचा डाक्टर आजारी हाय व्हय गं? म्हातारीला कुणीतरी पढवून पाठवलं होतं. सोनियानं उत्तराऐवजी नातवाला हातावर घेतलं. तेच संशयास्पद.

फिरायला: उद्यापासून नक्की.

१९ जुलै, शनिवार. कोयनानगर

मी इथं आहे, आणि माझ्या मर्जीनं आहे. राजनंदिनीनं दोन दिवसांची खोली परस्पर ठरवली. दोन दिवस शंभूराज बघतो म्हणाला, असं ती घाटात बोलून गेली. म्हणाला? कुणाला म्हणाला? गाडी वळवायला सांगितली. ती म्हणाली, गाडी मी चालवतेय.

रेंज नाही. एक दांडी फक्त व्हरांड्याच्या कोपऱ्यात, नळाच्या कट्ट्यावर उभं राहिलं तर. दुपारभर कट्ट्यावर उभा होतो. नानासोनं एकदा फोन उचलला, म्हणाला, सगळं झकास हाय, आन् ठेवला. झकास का आहे?

२० जुलै, रविवार. कोयनानगर, सकाळी ९

पहाटे भूकंप झाला. पाण्याचा ग्लास हातात घेतला तर पाणी थरथरत होतं, चांगलं काठापर्यंत आलं. राजनंदिनीला उठवलं. ती म्हणाली, झोपा. भूगोलाची बाई आणि भूकंपात झोप म्हणते.

गेस्टहाऊस बघणारे लालासाहेब इथलेच, जन्म इथला. त्यांना विचारलं. म्हणाले, न्हाई सायेब, आज काय हाललं न्हाई. आमाला झोपेत बी कळतं. मी म्हटलं, ग्लासातलं पाणी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी विचारलं, ग्लास टेबलावर हुता का हातात? हातात. मग ते चहा आणतो म्हणून गेले.

सरकार धक्क्यांचे आकडे दाबतं हे मला आधीपासून माहीत होतं. आता गावकरीही सामील झालेत.

दुपारी ४. जेवून जरा टेकलो ते आत्ता उठलो. काल रात्रीही दहा तास झोपलो होतो. आपल्याला अशी झोप लागत नाही. भाजीत काहीतरी घातलं असावं. राजनंदिनीनंही तीच भाजी खाल्ली, पण तिनं कमी खाल्ली.

२१ जुलै, सोमवार

हॉस्पिटल जागेवर आहे. आज दिवस सुरळीत गेला. पोरांची नावं पटापट आठवली. एका पोरीनं स्टेथोस्कोप ओढला तर हसलो. नानासो म्हणाला, सायेब, कोयनेचं पानी मानवलं. बेड तीनच्या आईनं डिस्चार्ज घेताना पेढे दिले.

सोनियाचा चेहराही उजळला होता. वही एकदाही बाहेर नाही. ओळखलं मी. माझ्या नजरेला घाबरलेत. दबाव असाच ठेवायचा. उद्यापासून एक तास लवकर सुरू, एक तास उशिरा बंद.

२५ जुलै, शुक्रवार. दुपारी २

सापडलं. कट माझ्या अंदाजापेक्षा मोठा आहे.

कुठले पेशंट समोर गेले ते शोधायला मंगळवारपासूनचे केसपेपर काढले. नावं बघत होतो, नजर वजनावर गेली. दहा महिन्यांचं पोर: १२ किलो. सहा वर्षांची पोरगी: १२ किलो. जुळे भाऊ, १२ आणि १२, ते एक वेळ समजू. पण नववीतला कबड्डी खेळणारा मुलगा, १२? मंगळवारच्या सहासष्टांपैकी एकेचाळीस जणांचं वजन बारा किलो.

काटा बिघडवलाय. माझ्या केबिनमधला. माझा चोवीस वर्षांचा रेकॉर्ड मोडायचा, डोस चुकवायचा, पाटी उतरवायची, आणि समोरच्यानं हत्ती नाचवायचे. मी खुर्चीतच बसून राहिलो. औषधं तशीच गेली असतील तर? एकेचाळीस लेकरं.

मग कागद उलटा केला. मागं हिरव्या शाईत दुसरा आकडा. प्रत्येक कागदावर. दहा महिन्यांच्या पोराच्या मागं ८.१, कबड्डीवाल्याच्या मागं ४३, कंसात 'शाळेत भरलेलं'. खाली नानासोची सही. हा कटवाल्यांचा कोड असणार. अजून उलगडला नाही.

२६ जुलै, शनिवार

काट्याची परीक्षा घेतली. दहा किलोची गुळाची ढेप आणली, सगळे घरी गेल्यावर काट्यावर ठेवली. १०.० दाखवलं. उतरवून पुन्हा ठेवली. १०.०. मी स्वतः उभा राहिलो असतो, पण लहान मुलांचा काटा आहे, पन्नास किलोपर्यंतचाच.

याचा अर्थ एकच. माझ्या हातात ढेप बघून नानासोनं काटा आधीच दुरुस्त केला. गेटवर विचारत होता ना, सायेब, गूळ कशाला?

२८ जुलै, सोमवार

केबिनभर मुंग्या. ढेप टेबलाखालीच राहिली होती. सोनियानं निमूटपणे साफ केलं. विचारलंही नाही, गूळ कशाला. म्हणजे तिला माहीत आहे.

उद्या सोक्षमोक्ष. वही जप्त करायची, साक्षीदारासमोर. भाषण तयार आहे. पहिलं वाक्य: अकरा वर्षं ज्या ताटात जेवलीस.

२९ जुलै, मंगळवार. दुपारी ३

घडलं ते क्रमानं लिहितो.

साडेअकराला कुंडलचे नाथाजी आले, सैन्यातले निवृत्त सुभेदार, नातू साईराजला घेऊन. दहा महिन्यांचं पोर, ताप. तपासलं, काट्यावर ठेवलं, लिहिलं, औषध साडेसात एमएल. ते बाहेर गेले. मी दाराच्या फटीत उभा. सोनियानं पोर हातावर घेतलं, थांबली, झोळीच्या काट्याला लावलं, नानासोला हळूच काहीतरी म्हणाली. त्यानं औषधाच्या चिठ्ठीवरचा माझा आकडा खोडला. माझ्या डोळ्यांदेखत.

बाहेर गेलो. म्हटलं, वही. सोनिया म्हणाली, सर, आत बोलूया का? मी म्हटलं, इथंच. साक्षीदार पाहिजेत. नाथाजी पुढं आले. म्हणाले, डॉक्टर, मी बी तेच इचारणार हुतो, तुमी लिवलेलं ह्यांनी का खोडलं? मी म्हटलं, तेच आता कळेल.

तिनं वही दिली. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

आजची तारीख. साईराज, कुंडल. सरांनी लिहिलं १२. भरलं ७.२. औषध साडेसातचं साडेचार केलं.

त्याच्या वरचं. सरांनी १२. भरलं १५. त्याच्या वरचं. सरांनी १२. भरलं ९.६. इथून पुढचं मनात वाचलं. पानंच्या पानं. रोजच्या खाली बेरीज. ९. १४. १६, त्या शनिवारची, जी राजनंदिनी गच्चीवर विचारत होती. गेल्या मंगळवारची ४१. २१ जुलैला, कोयनेहून आल्यावर, फक्त एवढंच: आज एक पण नाही.

पहिल्या पानावर तारीख २० फेब्रुवारी.

काटा बरोबर आहे. काट्यावर पोर ठेवतो मीच, आकडाही लिहितो मीच. मध्ये काट्याकडं बघायचं असतं. ते राहत होतं.

नाथाजींनी वही माझ्या हातातून घेतली, वाचली, परत केली. मला वाटलं आता ओरडतील. ते सोनियाला म्हणाले, पोरी, तू नसतीस तर? मग माझ्याकडं वळून म्हणाले, डॉक्टर, आमच्याकडं पहाऱ्यावरचा संत्री डुलाया लागला की त्याला शिक्षा करायच्या आधी एक बघतेत. त्याची ड्युटी बदलली का न्हाई कुणी?

भाषण झालं नाही. पहिलं वाक्य मला आठवेना.

३० जुलै, बुधवार

सोनियाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुमी पाटी उतरवणार म्हणाला हुता न्हवं. पाटी उतरवली तर पोरं कुठं जातील, आन् तुमी कुठं जाल? वहिनी म्हणाल्या, सुट्टी घ्यायला लावते, तवर संभाळ.

मग म्हणाली, सर, मला बी त्या दिवसापासनं लेकरू हातात घेतल्याबिगर कळत न्हाई.

त्या दिवशी, फेब्रुवारीत, अँब्युलन्समध्ये तीच सोबत होती. मी इथं ओपीडी चालू ठेवली होती. बाहेर चाळीस पेशंट होते.

३१ जुलै, गुरुवार. सकाळी १०

बोललो ते करायचं. नानासोकडं शिडी मागितली. तो म्हणाला, शिडी न्हाई. मागच्या बाजूला लपवली होती, ती मी शोधून काढली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन चढलो. चार स्क्रू, चारही वर्षानुवर्षं ऑइलपेंटखाली बुजलेले. एकही हलेना. पाचव्या पायरीवर पाय थरथरायला लागले, आणि इथं कोयना नाही.

शंभूराज रस्ता ओलांडून पळत आला आणि शिडी धरली. म्हणाला, सर, पाटी राहू दे. सकाळची ओपीडी मी बसतो, वहिनी आणि मी ठरवलंय महिन्यापूर्वीच, फक्त तुम्हाला सांगायचं धाडस कुणाला होत नव्हतं. मी वरूनच विचारलं, रोज नमस्कार का करतोस? तो म्हणाला, सर, तुम्ही परत कधी केलाच नाही, म्हटलं दिसत नसेल.

पाटी उतरली नाही. मी उतरलो.

४ ऑगस्ट, सोमवार. सांगली, दुपारी १

राजनंदिनीला सांगलीत एका डॉक्टरीणबाईंना भेटायचं होतं, मनाच्या डॉक्टर. मी सोबत म्हणून आलो. नाव माझं लावलंय, कारण तिला आधी नंबर मिळाला नसता असं ती म्हणाली.

येताना तासगावच्या अलीकडं मी खिडकीबाहेर बघितलं नाही. तिनं गाडीचा वेग कमी केला नाही. बरं केलं.

वेटिंगमध्ये पेशंट होऊन बसायची माझी पहिलीच वेळ. माझ्या शेजारचा माणूस दर दोन मिनिटांनी विचारत होता, कवा नंबर लागंल? काउंटरवरची पोरगी दर वेळेला तेवढंच शांतपणे सांगत होती. बेड तीनच्या आईची आठवण झाली. राजवीरच्या आईची.

फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता, उंची, वजन. सगळं स्वच्छ अक्षरात, पूर्वीच्या माझ्या अक्षरात. आत गेलो. बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला, आणि विचारलं, डॉक्टर, हे बारा किलो कुणाचं?

मी म्हणणार होतो, काट्याचा दोष. तोंडही उघडलं होतं.

शिवांजलीचं, म्हटलं. अडीच वर्षांची. आटपाडीच्या पलीकडून दुचाकीवर आणली होती, तीन दिवसांचा न्यूमोनिया, ओठ निळे. मी काट्यावर ठेवली तर तिनं माझं बोट धरलं. बारा किलो. काटा बरोबर होता, मी नीट बघितला होता, डोसही बरोबर होता. सगळं बरोबर होतं. बोट सोडवून मी तिला अँब्युलन्समध्ये दिलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. पुढच्या पोराचं वजनही मी बारा लिहिलं असणार.

हे सांगायला पाऊण तास लागला. मध्ये रडलो, बऱ्याच वेळा. बाईंनी घड्याळाकडं बघितलं नाही. दर सोमवारी यायला सांगितलंय. दोन महिने अर्धा दिवसच काम, आणि वजन दुसऱ्यानं घ्यायचं, मी फक्त वाचायचं.

निघताना त्यांच्या सिस्टरनं मला मोठ्या काट्यावर उभं केलं. ५८.४. गेल्या वर्षी सत्तर होतो. फॉर्मवरचं बारा मीच खोडलं आणि मागच्या बाजूला खरा आकडा लिहिला, सोनियासारखा.

बाहेर राजनंदिनी बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, आज किती?

म्हटलं, एक.